'अप्पर-इंटरमीजिएट'ला मराठीत काय म्हणायचं?

बोरीकाठची, अमळनेर

नमस्कार. मी एस.वाय.बी.ए.ला आहे. कॉलेजात संध्याकाळचा इंग्रजीचा एक जादा कोर्स सुरू झालाय, ६० तासांचा. त्याच्या पुस्तकावर 'अप्पर-इंटरमीजिएट' छापलंय. फॉर्म मराठीत होता, म्हणून लेव्हलच्या रकान्यात मी 'उच्च माध्यमिक' लिहून टाकलं. घरी पप्पांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "बारावी होऊन दीड वर्ष झालं ना तुझं? परत उच्च माध्यमिक कशाला?" आता त्यांना काय सांगणार! याला नेमका शब्द कोणता?

आणखी एक, जाता जाता. परवा तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, तुझी जोडीदार का आली नाही? मी म्हटलं, "शी विल बी सिक." मॅडम म्हणाल्या, "ती आजारी पडणार हे तुला आधीच कसं कळलं?" सगळा वर्ग हसला. 'आजारी असेल' हेच तर म्हणायचं होतं मला. मग चुकलं कुठे?

निवृत्त मास्तर, धुळे

बेटा, 'उच्च माध्यमिक' खोडून टाक. ती अकरावी-बारावी. गंमत अशी की 'इंटरमीजिएट' हा शब्द आपल्याकडे आधीच दोनदा वापरून झालाय. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. शाळेत स्थिरचित्र, स्मरणचित्र काढत बसलेल्या कुणालाही विचार, इंटरमीजिएट म्हटल्यावर त्याला इंग्रजी आठवणारच नाही, ड्रॉइंगचा बोर्ड आठवेल. आणि आमच्या आधीच्या पिढीत कॉलेजची 'इंटर' होती, मॅट्रिक आणि बी.ए.च्या मधली. माझे काका 'इंटर आर्ट्स नापास' असं अभिमानाने सांगत, कारण इंटरपर्यंत पोचणं हीच तेव्हा मोठी गोष्ट.

तुझ्या पुस्तकावरचा शब्द तिसरा. युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकणाऱ्यांसाठी सहा पायऱ्यांची चौकट छापली. ए-वनपासून सी-टूपर्यंत. अप्पर-इंटरमीजिएट म्हणजे त्यातली चौथी, बी-टू. परदेशी जाणारी मुलं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात ना, तिथले साधारण साडेपाच ते साडेसहा बँड, म्हणजे गुण, या पायरीत बसतात. शून्यापासून इथवर यायला शिकवणीचे ५०० ते ६०० तास लागतात, असा केंब्रिजवाल्यांचा अंदाज. तुमचे ६० तास म्हणजे या पायरीवर नुसता टेकवलेला पाय समज.

या पायरीचं मला आवडणारं वर्णन असं : समोरच्याशी बोलताना त्यालाही ताण पडत नाही आणि आपल्यालाही नाही. मूळ मजकुरात समोरचा माणूस 'नेटिव्ह स्पीकर' होता. २०२० च्या सुधारित आवृत्तीत ते शब्द काढले. बरं केलं. जळगावच्या पोरीने नागपूरच्या बाईशी किंवा चेन्नईच्या साहेबाशी इंग्रजी बोलायचं असतं, लंडनचा गोरा वर्षातून कितींदा भेटतो?

'अस्खलित' मात्र म्हणू नका. अस्खलित म्हणजे कुठेही न अडखळणारा. बी-टूवाला अडखळतो, पण सावरतो.

केळीबाग, रावेर

मास्तर, मी शेतकरी माणूस, पण मुलीच्या निमित्ताने हे पुस्तक मीही चाळलं. आमच्याकडे केळी निसवते, मग घड भरत जातो. दिल्लीला पाठवायचा घड पिवळा होईस्तोवर झाडावर ठेवत नाहीत, पाऊण भरला की हिरवाच कापतात. पिकतो तो पुढे, वाटेत आणि वखारीत. ही पायरी मला तशी वाटते. भरलेला आहे, पिकलेला नाही. 'भरलेलं इंग्रजी' म्हणा.

नंदुरबारी

'भरलेलं' म्हटल्यावर मला वांगी आठवली भाऊ.

प्लॅटफॉर्म तीन, भुसावळ

नावाचं तुम्ही बघा. मला त्या 'आजारी असेल'बद्दल बोलायचंय. मी बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीत काढली. लोक विचारायचे, अमुक गाडी जळगावला पोचली का? तिथे बसून मराठीची खरी ताकद कळते. 'पोचली असेल', म्हणजे माझा अंदाज, माझ्या गळ्यात घालू नका. 'पोचली असावी', म्हणजे काहीतरी हिशेब करून बोलतोय. 'पोचली असणार', म्हणजे मागची गाडी सुटली, त्याअर्थी ही पोचल्याशिवाय राहिली नाही. 'पोचायला हवी', म्हणजे टाइमटेबल असं म्हणतं. 'पोचायला हवी होती', म्हणजे लेट आहे, आणि आता तुम्ही माझ्यावर चिडणार. 'पोचली असती', म्हणजे मध्येच कुणीतरी साखळी ओढली.

सहा उत्तरं, आणि सहाही गिऱ्हाइकाला न सांगता समजतात. माझं इंग्रजी दहावीपुरतंच. दक्षिणेकडचा प्रवासी आला की या सगळ्यांच्या जागी एकच वाक्य असायचं, "ट्रेन विल कम." तो बिचारा विचारायचा, कम ऑर केम?

अहिराणी बोलणारा खिडकीशी आला की मात्र मजा. "गाडी पोची गई व्हई ना भो?" त्या 'व्हई'त सगळा अंदाज आला.

निवृत्त मास्तर, धुळे

वा, प्लॅटफॉर्मभाऊ, हे मला वर्गात तीस वर्षांत सुचलं नाही! बोरीकाठची, आता नीट वाच.

तुझं 'शी विल बी सिक' शंभर टक्के चूक नाही. इंग्रजीतही 'विल' अंदाजाला चालतं. दार वाजलं की म्हणतात, "दॅट विल बी द पोस्टमन." पण ते आपलं 'असेल' नाही, ते 'असणार' आहे, खात्रीचं. आणि 'का आली नाही' या प्रश्नाला ते उत्तर म्हणून दिलंस की ऐकणाऱ्याला भविष्यकाळच ऐकू येतो. मराठीत 'असेल'चं रूप भविष्याचं आणि काम अंदाजाचं. घोटाळा तिथून सुरू होतो.

मनात नुसती शक्यता असेल तर 'शी मे बी सिक' किंवा 'माइट बी'. काल ती खोकत होती हे तू पाहिलं असशील तर 'शी मस्ट बी सिक'. इथे पोरं अडतात, कारण शाळेत 'मस्ट' म्हणजे 'केलंच पाहिजे' एवढंच शिकवलेलं असतं. 'तिने आजारी असलंच पाहिजे' असा अर्थ लावून हसतात आणि वापरायचं सोडून देतात. हा 'मस्ट' सक्तीचा नाही, पुराव्याचा आहे. याचं उलटं मात्र 'मस्ट नॉट बी' करू नकोस, त्याने ऐकणाऱ्याला मनाई वाटते. 'ती आजारी असणं शक्यच नाही, आत्ता बाजारात दिसली' हे 'शी कान्ट बी सिक'.

आणि गाडीचं. 'द ट्रेन शुड हॅव रीच्ड बाय नाऊ.' हे एकच वाक्य 'एव्हाना पोचायला हवी' आणि 'पोचायला हवी होती, पोचली नाही' या दोन्हींना चालतं. इथे मराठी जास्त बारकाईने बोलते, इंग्रजी आवाजाच्या चढउतारावर सोडून देते. 'असती'ला सरळ 'वुड हॅव रीच्ड'.

बी-टूची खरी मेहनत माझ्या मते याच जागी आहे. नवे शब्द पाठ करणारी मुलं डझनाने पाहिली, 'मॅग्निफिसंट' येतं आणि 'माइट' येत नाही. तुम्हाला अंदाज, शंका, अडलेली इच्छा सगळं बोलता येतं, आईने शिकवलंय. ते इंग्रजीत कुठल्या खणात ठेवलंय एवढंच शोधायचं.

नंदुरबारी

शंका म्हटलं म्हणून. आपण वर्गात हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणतो. आमच्याकडे बाहेरून एक पाहुणे प्राध्यापक आले होते, त्यांना वाटलं मुलांचा त्यांच्यावर विश्वासच नाही. मराठीत 'शंका' म्हणजे प्रश्नही आणि संशयही. तिकडे प्रश्नाला 'क्वेश्चन'.

बोरीकाठची, अमळनेर

सर, आणि प्लॅटफॉर्मकाका, खूप आभार. सहाही वाक्यं वहीत उतरवली. आता कळलं, 'आय ॲम अग्री' हेसुद्धा मी 'मी सहमत आहे'तलं 'आहे' उचलून करत होते.

पण फॉर्म उद्या द्यायचाय. नाव राहिलंच.

निवृत्त मास्तर, धुळे

नावाचा एक जुना धागा आहे. ए-बी-सी ही अक्षरं येण्याआधी या पायऱ्यांना शब्द होते. ए-टूला वे-स्टेज (जोडून 'वेस्टेज' लिहिलं तर वाया गेल्यासारखं वाटतं), बी-वनला थ्रेशोल्ड म्हणजे चक्क उंबरठा, आणि तुझ्या बी-टूला व्हँटेज. व्हँटेज म्हणजे उंचावरची अशी जागा, जिथून आलेली वाट दिसते आणि पुढची पण. बरेच दिवस सपाटीवरून चालतोय असं वाटत असतं, आणि एकदम दिसतं की आपण कुठेतरी पोचलो.

उंबरठ्याच्या पुढे खान्देशातलं उंच ठिकाण कुठलं? माझं लहानपण कापडण्याकडच्या मातीच्या घरात गेलं. शिडी लावून धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढलं की अख्खं गाव दिसायचं, कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय तेही. उन्हाळ्यात झोपायलाही तिथेच. मला विचारशील तर बी-वन उंबरठा, बी-टू धाबं.

केळीबाग, रावेर

मास्तर, धाब्याला आपली मान्यता. केळी मागे घेतली.

बोरीकाठची, अमळनेर

फॉर्मवर शेवटी 'बी-टू' एवढंच लिहिलं. मैत्रिणीला मात्र सांगितलं, मी इंग्रजीच्या धाब्यावर चढलेय. ती म्हणाली, "कुठला? हायवेवरचा? शेवभाजी कशी मिळते तिथे?"