रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला आधी काय हवं: ताकद की पकड?

वळणवेडा
मंडळी, स्पोर्ट्स कार दारात आली की लगेच एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि रिमॅपची (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलण्याची) चौकशी सुरू होते. माझं मत ठाम आहे. जी गाडी रोज कामावर न्यायची, तिच्यावर पहिला पैसा टायर, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंटसाठी (चाकांचे कोन जुळवण्यासाठी) जावा. इंजिनाला हात लावायचा तो त्यानंतर, आणि नाहीच लावला तर उत्तम.

इंजिन कितीही दमदार असो, रस्त्याला टेकतात त्या तळहाताएवढ्या चार जागा. वेग घेणं, वळणं, थांबणं, सगळं त्यांच्याच भरवशावर. टायर बदलला की तिन्ही गोष्टी एकदम सुधारतात. रिमॅपने फक्त पहिली सुधारते.

ब्रेक ऑइलकडे तर कुणी बघतच नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 आहे. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ऑइलची वाफ झाली, तर पेडल मऊ पडून खाली जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव जात नाही. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

टर्बोप्रेमी
ब्रेक ऑइलबद्दल वाद नाही, पण तो देखभालीचा भाग झाला. त्याला अपग्रेड म्हणू नका.

मुख्य मुद्दा मला पटत नाही. सार्वजनिक रस्त्यावर टायरच्या हद्दीपर्यंत गाडी नेणारा माणूस धोकादायक आहे. मग जी पकड रोज वापरायचीच नाही, तिच्यासाठी खर्च कशाला? टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, मात्र प्रत्येक गिअरमध्ये जाणवतो. टर्बो इंजिनात बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) थोडं बदललं तरी मधल्या आरपीएमला गाडी भरून येते, ओव्हरटेक करताना गिअर उतरवावा लागत नाही. बिनटर्बो इंजिनात नुसत्या एअर फिल्टरने हाती काही लागत नाही, आवाज तेवढा वाढतो, हे मलाही मान्य. पण टोयोटा जीटी86 घ्या. तिच्या 2 लिटर इंजिनाचा टॉर्क साधारण 3500 ते 4500 आरपीएमच्या पट्ट्यात खाली पडतो, आणि रोजच्या चालवण्यात सुई नेमकी तिथेच असते. चांगला हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि त्याला जुळणारा रिमॅप केला की तो खड्डा बराच भरतो. हे अपग्रेड रोज उपयोगी पडतं.

वळणवेडा
हद्द रोज लागत नाही हे खरं. पण समोर कुणी अचानक आडवं आलं की त्या एका क्षणी ती सगळी लागते, आणि तो क्षण आपण निवडत नाही.

शिवाय रिमॅपचं पुढचं बिल बघा. कमी आरपीएमला टॉर्क एकदम वाढवला की मॅन्युअल गाडीत आधी क्लच घसरायला लागतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

मागचंचाक
जीटी86 चा विषय निघालाय तर वळणवेडा यांना उलट बाजूने विचारतो. 2012 मध्ये ही गाडी आली तेव्हा तिला मिशेलिन प्रायमसी एचपी हे टायर होते, टोयोटाच्याच प्रियस या साध्या हायब्रिड गाडीवरही मिळायचे तेच. कमी वेगातही गाडीचा तोल उजव्या पायाने खेळवता यावा, हाच त्यामागचा विचार. चिकट टायर घातले की वळणातला वेग वाढतो हे खरं, पण मागचं टोक घसरण्याची चाहूल देतं ते फार वरच्या वेगाला, आणि सुटतं तेव्हा सावरायला वेळ कमी मिळतो. मला पकड कमी पण सांगून सुटणारी गाडी जास्त आवडते. ट्रॅकसाठीचे टायर थंडीत आणि साचलेल्या पाण्यात नको वाटतात, ते आणखी वेगळं.

वळणवेडा
ट्रॅकसाठीचे टायर मीही सुचवत नाही. ओल्या रस्त्यावर चांगले थांबणारे, उन्हाळ्याचे दर्जेदार रोड टायर म्हणतोय. गाडी घसरवण्यातला आनंद मला कळतो, पण ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर मी त्यासाठी सोडणार नाही. इथे आपलं जमणार नाही.

शांतशॉक
सस्पेंशनवर कुणीच बोललं नाही. गाडी खाली बसवायची म्हणून नुसत्या स्प्रिंग बदलू नका. मूळ शॉकअब्सॉर्बर मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेले असतात. स्प्रिंग कडक आणि आखूड झाली की शॉकला ती आवरत नाही, खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेंशनची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. वळणात आदळली तर त्या चाकाची पकड जाऊ शकते. दिसायला गाडी झकास, चालवायला आधीपेक्षा वाईट.

झिजलेले शॉक आणि सस्पेंशनच्या सांध्यांतले रबरी बुश नवे घाला, मग चारही चाकांचं अलाइनमेंट करा. पुढच्या चाकांना थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलवणं) दिला की वळणात बाहेरचा टायर सपाट टेकतो. अति केलंत तर आतली कड झिजते. टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) मात्र जपून, चुकलेला टो टायर त्याहून लवकर खातो.

टर्बोप्रेमी
शांतशॉक यांचं पटलं. माझं म्हणणं तरी कायम आहे: टायर ठीक असतील तर पुढचा पैसा टॉर्कवर. फक्त एक भर घालतो. रिमॅपच्या जोडीला रेसिंगचे ब्रेक पॅड घेऊ नका. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी गाडी बाहेर काढल्यावरचा पहिला सिग्नल गार ब्रेकवरच येतो.