उ: रेशो बदलताना पिनियनचे दात मोजा

फोर-बाय-फोर गाडीला मोठे टायर टाकले की सरळ ५.३८ रेशोचा क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी; रेशो म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) बसवा, हे इथे आधी मांडलेलं मत ओढीपुरतं पटतं, टिकाऊपणासाठी नाही. ४.१० मध्ये पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१, ५.३८ मध्ये ८ आणि ४३. क्राउनचा व्यास साधारण तेवढाच राहतो, मग पिनियन बारीक होतो आणि भार घ्यायला दात कमी उरतात.

आमच्या कोकणात राजापूरकडे सड्यावर (कातळाच्या पठारावर) हे फार जाणवतं. पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर चाक गरगरतं आणि उघडा कातळ लागला की एकदम पकडतं. तो हिसका पिनियनच्या दातांवरच येतो. मी ४.५६ वर थांबेन (९ आणि ४१), बाकीची ओढ ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) लो गिअरमधून घेईन. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो मात्र एकच ठेवा.