एक तास = एक तास? टाइम बँकवाल्यांना चार गोष्टी विचारायच्यात

सातपूरचा वायरमन
परवा एका काकांनी पोस्ट टाकली की नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायट्यांनी तासांची बँक काढावी. म्हणजे मी तुमच्या आईला दवाखान्यात नेलं की माझ्या खात्यात दोन तास जमा, ते खर्चून मी प्लंबर बोलवायचा, पैशाचं नाव नाही, आणि डॉक्टर असो नाहीतर धुणंभांडी करणाऱ्या मावशी, सगळ्यांचा तास सारखा. खाली नुसते हात जोडलेले इमोजी. माझं डोकंच फिरलं म्हणून लिहितोय.

माझ्या तासात ड्रिल मशीन आहे, पेट्रोल आहे, वर्षानुवर्षं शॉक खाऊन शिकलेलं काम आहे. घरमालक भाडं तासांत घेणारे का? महावितरण घेणारे? ज्याची पेन्शन चालू आहे त्याच्याकडे तास शिल्लक पडतात, माझ्याकडे विकायला तासच आहेत. आणि हे काय नवीन नाही. लंडनमध्ये रॉबर्ट ओवेन नावाच्या समाजसुधारकाने 1832 ला असंच दुकान काढलं होतं, वस्तू आणून ठेवा, लागलेल्या तासांच्या नोटा घ्या. तिथेसुद्धा तासाचा भाव सहा पेन्स धरावाच लागला. बाजारात खपणारा माल लोकांनी पटापट उचलला, न खपणारा तिथेच पडून राहिला, 1834 ला खेळ खलास. कशाला परत तेच?

गंगापूर रोडचे काका
पोस्ट माझीच. तुम्ही दुकानाचं उदाहरण देताय, मी दुकान म्हणतच नाहीये. जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमांनी 1973 ला बायकांची श्रमबँक काढली, कारण घरातल्या आजारपणाला, बाळंतपणाला, म्हाताऱ्यांना लागणारे तास बाजार मोजतच नाही. अमेरिकेत एडगर कान यांनी 1980 मध्ये हार्ट अटॅकनंतर अंथरुणात पडून हाच विचार केला. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत फक्त म्हातारा-म्हातारी, पोरं हिंजवडीला नाहीतर परदेशात. माझ्या मिसेसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दर दोन तासांनी डोळ्यात थेंब टाकायला माणूस नव्हता, माझा हात थरथरतो, निम्मे थेंब गालावर. शेजारी होते हो, पण रोज रोज फुकट सांगायला जीभ रेटत नाही. खात्यात तास असते तर हक्काने दार वाजवलं असतं. हे तुम्हाला कसं कळत नाही?

निफाडचा बागायतदार
अहो जपान-अमेरिका कशाला, आपल्याकडे सावड होतीच की. आज माझ्या वावरात सगळे, उद्या तुझ्या. इर्जिक घातली की दिवसात नांगरट उरकायची आणि रात्री जेवण. एक रुपया लागायचा नाही. आता द्राक्षाची छाटणी झाली की डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला आणि मणी विरळ करायला, मजुरांच्या टोळीच्या मागे फिरा, एकराचा ठेका दरवर्षी वाढतोच, उचल दिली तरी ऐन थिनिंगला टोळी दुसऱ्याच्या बागेत. मजुरांना तासाची किंमत राहिली नाही हे खरं दुखणं आहे.

पेठवाली ताई
आता बोलतेच. आमची आई त्या टोळीत जायची. भात-नागलीचं आटोपलं की आमच्याकडे काम नसतं म्हणून यायचं तुमच्या दिंडोरी-निफाडला. पहाटे अंधारात पिकअपमध्ये उभं राहून, थंडीत पदर कानाला घट्ट गुंडाळून. घरून निघाल्यापासूनचे तास कोणी धरायचं नाही, बागेत पाय ठेवला की कामाला सुरुवात. एकेक घड हाताने जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचा, दिवसभर बाह्या ओल्या, बोटांची सालं निघायची. तासाची किंमत कोणाला राहिली नाही ते सांगा मग.

आणि सावडीचं कौतुक पुरे. सावड ज्याला वावर आहे त्याची. तुम्ही माझ्याकडे आलात, मी तुमच्याकडे आले, हे जमतं कारण दोघांकडे परत करून घ्यायला जमीन आहे. भूमिहीनाने तुमच्याकडे दिवस घातला तर तुम्ही त्याच्या कोणत्या वावरात येणार?

निफाडचा बागायतदार
ताई, सगळे बागायतदार चोर नसतात. ऑक्टोबरात छाटून फुलोऱ्यात अवकाळी झाला की माझं वर्षभराचं काम एका रात्रीत गळून पडतं, त्याचे तास कोण देतं? व्यापारी माल भरून नेतो आणि फोन बंद करतो, मी स्वतः भोगलंय. तरी मजुरी चुकवली नाही.

पेठवाली ताई
तुमचं नुकसान खरंच आहे, नाही म्हणत नाही. पण पुढच्या साली तुमच्याकडे बाग असते. आईकडे गुडघेदुखी आहे.

सातपूरचा वायरमन
धागा कुठून कुठे गेला. पण ताईंनी मला जे म्हणायचं होतं ते नेमकं सांगितलं. तास सारखे धरायचे तर आधी दोन्हीकडे परत घेण्यासारखं काहीतरी पाहिजे. अमेरिकेत इथाकाला 1991 पासून 'अवर्स'च्या नोटा चालल्या, एक नोट दहा डॉलरची, तिथेही डेंटिस्टला एका तासाला जास्त नोटा मागायची मुभा होतीच. म्हणजे समान तास कागदावरच.

गंगापूर रोडचे काका
मग काय करायचं, म्हाताऱ्यांनी एकेकटं मरायचं?

सातपूरचा वायरमन
तसं कुठे म्हटलं काका. डोळ्यात थेंब टाकणं, दवाखान्यात सोबत बसणं, बँकेत लाइफ सर्टिफिकेटला नेणं, एवढ्यापुरती तुमची बँक काढा, एवढं मान्य करतो. त्याला कोणी दर लावत नाही आणि लावूही नये. पण ज्या कामावर कोणाची चूल पेटते ते त्यात ओढू नका.

गंगापूर रोडचे काका
ठीक. प्लंबर, वायरमन काढतो यादीतून. मला अजून पटलेलं नाही, पण काढतो.

पेठवाली ताई
मावशींनाही काढा. सारखा तास म्हणून त्यांचं नाव पहिलं घेतलंत ना, मग त्यांचा पगार वाढवा आणि आठवड्याची एक सुट्टी भरपगारी द्या, ते तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधी मंजूर होऊ दे.