पुरस्कारामुळे कामाचे समाधान खरोखर वाढते का?

प्रश्न : परीक्षा विभाग, नाशिक
मी येथील एका विद्यापीठात १६ वर्षांपासून लिपिक आहे. यंदा वर्धापनदिनी आमच्या एका सहकाऱ्याला उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार मिळाला. त्याच्या पात्रतेबद्दल दुमत नाही. मात्र त्यासाठी त्याला आपल्याच कामाची स्तुती करणारा प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा लागला आणि शाल-श्रीफळ घेऊन परतल्यावर प्रमाणपत्रावर आडनाव चुकल्याचे लक्षात आले. आता दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज! अशा गौरवाने कामातील समाधान वाढते, की वेतन आणि पदोन्नती हेच खरे?

उत्तर : व्यवस्थापनशास्त्राचा शिक्षक
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेतन, सेवाशर्ती यांच्या अभावाने असमाधान निर्माण होते. परंतु केवळ त्यांच्या पूर्ततेने समाधान लाभतेच असे नाही, त्यासाठी कामातील यश, जबाबदारी आणि दखल आवश्यक असते. त्यांचा अभ्यास अभियंते व लेखापालांवर आधारित होता, त्यामुळे विद्यापीठाला तो जसाच्या तसा लावू नये, असे माझे मत आहे. तरीही आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत दखल घेतली गेली असे म्हणता येत नाही, कारण ती त्याला मागावी लागली.

उत्तर : विद्यापीठातील निवृत्त कक्ष अधिकारी, सिडको परिसर, नाशिक
सरांचे म्हणणे मान्य आहे, पण पोटाचा प्रश्न इतक्या लवकर बाजूला सारू नये. सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेसारख्या (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या) हक्काच्या लाभांसाठी राज्यातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकावा लागला होता. हक्काचे थकलेले असताना दिलेला सत्कार अंगाला लागत नाही. असे असले तरी, निकालाच्या आदल्या रात्री आमचे साहेब गुणतक्ते पडताळण्यासाठी पहाटेपर्यंत आमच्याच टेबलाशी बसले आणि सकाळी कुलगुरूंपुढे त्यांनी प्रत्येकाचे नाव घेऊन कोणती चूक कोणी पकडली ते सांगितले, हे मला आजही आठवते. मिळालेली मानचिन्हे मात्र कोठे ठेवली ते आठवत नाही.

उत्तर : कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर
मी रोज ओझरहून येतो. पुरस्काराच्या नियमावलीत ‘नियमित कर्मचारी’ असा शब्द असल्याने आमचा विचारच होत नाही, आणि दर ११ महिन्यांनी नवा आदेश हाती पडेपर्यंत जीव टांगणीला असतो. यंदा तो आदेश मुदत संपण्यापूर्वी आठ दिवस मिळाला. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.