‘चमचा’ म्हटलं की पुढे बोलायचं काय?

कोरडा_बोरू: मित्रांच्या ग्रुपवर मतदानाचं वय 18 वरून 16 वर आणावं का, यावर जुंपली होती. मी ऑस्ट्रियाचा दाखला दिला. तिथे 2007 साली वय 16 केलं. उत्तर आलं, ‘तू तर त्यांचा चमचा!’ लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पुढचा सगळा वेळ मी चमचा आहे की नाही यावरच गेला. यालाच ‘अ‍ॅड होमिनेम’, म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं, म्हणतात ना? तुम्ही अशा वेळी काय करता?

परीक्षक_काका: नुसती शिवी म्हणजे अ‍ॅड होमिनेम नव्हे. ‘तू मूर्ख आहेस, आणि तुझा आकडाही चुकलाय’ हा उद्धटपणा झाला, तर्कदोष नाही. ‘तू चमचा, म्हणून ऑस्ट्रियाचा दाखला बाद’ हा तर्कदोष. तुमच्या मित्राने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, ‘म्हणून’ बघ्यांनी मनातल्या मनात जोडून घेतलं. तो शब्द तुमच्यासाठी नव्हताच मुळी, त्या हसऱ्या चेहऱ्यांसाठी होता. न्यूयॉर्कमध्ये 1937 साली निघालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात क्लृप्त्या सांगितल्या, त्यात पहिला मान असल्या नावं चिकटवण्याला! वादस्पर्धेत वक्ता ‘दलाल’, ‘देशद्रोही’ असं काही बोलला की मी ते खोडून उरलेलं वाक्य वाचतो. पुष्कळदा ‘आहे’ एवढंच उरतं.

तिरपागडी: काका, खोडायचं कशाला? मिरवायचं! 1906 मध्ये ब्रिटनच्या डेली मेल वृत्तपत्राने मताधिकार मागणाऱ्या बायकांना हिणवायला ‘सफ्रजेट’ म्हटलं. त्या बायकांच्या पुढारी पँकहर्स्टबाई, त्यांच्या संघटनेने तेच नाव उचललं आणि 1912 मध्ये त्याच नावाचं वृत्तपत्र काढलं. बोरू, ग्रुपवर नाव ‘चमचा’ करून टाका.

परीक्षक_काका: तिरपागडीबाई, त्यांच्यामागे संघटना होती, हे एकटे आहेत. शिवाय प्रत्येक नाव मिरवता येत नाही. रवांडात 1994 मध्ये आरटीएलएम रेडिओवरून तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना ‘झुरळं’ म्हणत होते, आणि बाहेर कत्तल चालू होती. माणसाला किड्याचं नाव दिलं की मी गुण कापत बसत नाही, भाषणच थांबवतो. ‘चमचा’ त्या मानाने पोरखेळ. बोरू, खुलासा देऊ नका. ‘बरं, चमचा तर चमचा. ऑस्ट्रियाचं काय?’ एवढंच विचारा, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहा.

कोरडा_बोरू: विचारलं. बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत होतं. मग म्हणाला, ‘ऑस्ट्रिया एवढासा देश, त्याचा दाखला कसला देतोस?’ चला, आता भांडता येईल.