गुलमर्ग एकटंच, की सोबत औलीही?

सात दिवसांत काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडातलं औली दोन्ही बसवायचं म्हणताय, पण पहिल्यांदाच स्की शिकणार असाल तर एकट्या गुलमर्गलाच राहा. श्रीनगरहून ते जेमतेम 50 किमी. औलीसाठी परत विमानाने डेहराडून, तिथून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस घाटरस्ता. शिवाय आपल्याला सोलापूरहून आधी पुणे नाहीतर हैदराबाद गाठायचं, ते वेगळंच.

आम्ही पाच दिवस गुलमर्गलाच होतो. दोन दिवस नुसतं पडणं-उठणं, तिसऱ्या दिवशी वळायला जमलं. तेव्हाच सामान बांधावं लागलं असतं तर फार हळहळ वाटली असती. गोंडोलाचा (तिथल्या केबल कारचा) अफरवाट शिखराकडे जाणारा दुसरा टप्पा वारा सुटला की बंद ठेवतात, म्हणून एक दिवस मोकळा ठेवाच.