मदत हवी आहे: कार्बन पॅच कडेनं सुटतोय आणि ऑप्टिमायझर जाडी वाढवतच चाललाय

कोथरूड_२४
एम.टेक.चा प्रकल्प, शुक्रवारी सरांना दाखवायचाय. विमानाच्या पंखाच्या दुरुस्तीसाठी भेग पडलेल्या प्लेटवर कार्बन-इपॉक्सीचा पॅच चिकटवलाय, त्याची जाडी कॉम्प्युटर मॉडेलवरून ठरवतोय. पॅच जितका जाड तितका के (भेगेच्या टोकाशी ताण किती एकवटतो त्याचं माप) कमी येतो, म्हणून ऑप्टिमायझर (सगळ्यात चांगली जाडी शोधणारा प्रोग्रॅम) दर वेळी कमाल जाडीवर, ३ मिमीवर जाऊन बसतो. तसाच पॅच बनवून ओढून पाहिला तर दोन्ही नमुन्यांत कडेनं सुटला. जेनेटिक अल्गोरिदम वापरतोय. दुसरा कुठला घेऊ? लवकर सांगा.

जुनाफिटर
प्लेट कशाची? केवढी जाड? भेग किती? पॅच एका बाजूला की दोन्ही?

कोथरूड_२४
अ‍ॅल्युमिनियम २०२४-टी३, ३ मिमी, मधोमध ३० मिमी भेग. पॅच १५० मिमी लांब, अर्थातच एका बाजूला. पंख आतून कोण उघडणार?

भोसरीवाला
एवढा खटाटोप कशाला? भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, वरून वेल्डिंग मारा. ट्रॉलीच्या चासीला २२ वर्षं हेच करतोय, एक परत आली नाही.

जुनाफिटर
दादा, चासी पोलादाची असते. या २०२४ अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग केलं की ती गरम असतानाच तडकते, शिवाय आजूबाजूची ताकद जाते.

भोसरीवाला
बरं, वेल्डिंग सोडा. भोकानं भेग थांबते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाषाणकर
थांबते, काही काळ. त्या भोकातून पुन्हा निघते. म्हणून तर १९७० च्या दशकात मेलबर्नला अ‍ॅलन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरॉन-इपॉक्सीचे पॅच चिकटवायला सुरुवात केली.

कोथरूड, अल्गोरिदमला हात लावू नकोस. मॉडेलमधे जाडीच्या दिशेनं सममिती दिली आहेस का?

कोथरूड_२४
हो, एलिमेंट कमी लागतात म्हणून. का?

पाषाणकर
मग तुझ्या मॉडेलला पॅच दोन्ही बाजूंना आहे असंच वाटतंय. पॅच एकाच बाजूला असला की भार पेलणारी मधली रेषा पॅचकडे सरकते, ओढल्यावर प्लेट वाकते आणि उघड्या बाजूची भेग जास्त फाकते. तिथला के वेगळा मोज, सरासरी घेऊ नकोस. पॅच जाड करत गेलास की हे वाकणं वाढतं, कडेला गोंदावरचा ताणही वाढतो.

हिशोब बघ. ताठपणा कार्बनचा, तंतू एकाच दिशेचे धरून, १३०, अ‍ॅल्युमिनियमचा ७३ गिगापास्कल. ३ मिमीच्या पॅचला पॅच आणि प्लेट यांच्या ताठपणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास येतं. साधारण १ ते १.५ मधे राहा. आणि गोंदातला कातरताण नि सोलणारा ताण या अटी म्हणून घाल. अटच नसेल तर तो जाडी वाढवणारच, त्याचं काय चुकलं?

सदाशिवपेठी
गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीला चीर गेली आहे. हा कार्बन चालेल का?

जुनाफिटर
टाकी पॉलिथिलीनची, तिला इपॉक्सी धरत नाही. वेगळा धागा काढा.

कोथरूड, सुटलेल्या पॅचखालची प्लेट कशी दिसते? गोंद दोन्हीकडे राहिलाय की एकीकडेच?

कोथरूड_२४
प्लेट चकचकीत. नखानं खरवडलं तरी काही निघत नाही. गोंद सगळा पॅचला.

जुनाफिटर
म्हणजे गोंद फाटलाच नाही, तो प्लेटला धरलाच नव्हता. कशानं घासलीस?

कोथरूड_२४
पॉलिश पेपरनं, मग अ‍ॅसिटोननं पुसली. कापड साधंच.

जुनाफिटर
पुसल्यावर प्लेट तिरकी धरून डिस्टिल्ड वॉटर ओत. अर्धा मिनिट सलग पापुद्रा राहिला तर ठीक, थेंब थेंब होऊन फुटला तर तेलकटपणा आहे. पुन्हा सुरुवात कर. अ‍ॅल्युमिना ग्रिटनं ब्लास्ट कर (हवेच्या झोतानं कण मारून खरखरीत कर), मग सिलेन, म्हणजे गोंद धातूला नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन, लाव. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियममधे काचेच्या कापडाचा एक थर हवाच, नाहीतर ओल लागली की गंज धरतो.

पाषाणकर
आणि पॅच किती तापवून पक्का केलास?

कोथरूड_२४
१२० अंश. पॅच वर ठेवून टेबलावर ठेवली की प्लेटचा मध्य उचललेला दिसतो, खालून कागद सरकतो. ते महत्त्वाचं आहे का?

पाषाणकर
खूपच! हे आधी सांगायचंस. अ‍ॅल्युमिनियम अंशाला दशलक्षात २३ भाग आखडतं, कार्बन तंतूच्या दिशेनं जवळपास नाहीच. ९५ अंश खाली येताना १५० मिमीत ०.३ मिमीची तफावत पडते. भार द्यायच्या आधीच भेग ओढली जाते. मॉडेलमधे हे थंड होणं पहिली पायरी म्हणून घाल. गोंदाला चालत असेल तर कमी तापमानावर जास्त वेळ ठेव. कडा सरळ कापू नकोस, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ३-४ मिमी आत घे.

कोथरूड_२४
सममिती काढून रात्री चालवलं. उघड्या बाजूचा के खूपच वर आलाय. अटी घातल्यावर ऑप्टिमायझर १.८ मिमीवर थांबला, १२ थर. धन्यवाद! आता उद्या ब्लास्टिंग कुठे करून मिळेल?

भोसरीवाला
आमच्या गल्लीत आहे, निरोप टाका. पण ग्रिट स्वतःचं घेऊन या. त्याचं पोलादावर वापरलेलं असतं, लोखंडाचे कण घुसतील. कॉम्प्रेसरचं तेल हवेत येतंय का तेही पांढऱ्या कागदावर ती हवा मारून आधी बघा.

जुनाफिटर
बरोबर. आणि पावसाळी हवा आहे, ब्लास्ट केल्यावर त्याच दिवशी चिकटव. रात्रभर ठेवू नकोस.